कर्नल अपडेटनंतर घड्याळ चुकतंय? आधी फरक मोजा, मग हात लावा

लिनक्सच्या मशीनवर कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट मारलं, रीबूट झालं आणि कोपऱ्यातली वेळ चुकीची दिसू लागली, की दहातले नऊ जण एकच गोष्ट करतात. मोबाइल बघून वेळ हातानं टाकतात. घड्याळ तेवढ्यापुरतं बरोबर होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा चुकतं. पुन्हा वेळ टाकली जाते. तिसऱ्यांदा फोन येतो तेव्हा दोष शोधायला लागणारा पुरावा, म्हणजे घड्याळ नेमकं किती चुकलं होतं तो आकडा, तीनदा पुसला गेलेला असतो.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या महापे, रबाळेपर्यंतच्या छोट्या कार्यालयांची आणि वर्कशॉपची मशीनं सांभाळतो. तिथे हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हा क्रम लिहून काढला. उबुंटू, डेबियन, फेडोरा किंवा त्यांच्या कुळातलं, सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेलं कोणतंही लिनक्स असेल तर तो लागू पडेल.

आदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन लिपीत टाकायचे. सगळी अक्षरं लहान, फक्त जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

## सुरू करण्याआधीची तयारी

यंत्रात दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवरचं, बटण सेलवर चालणारं. त्याला आरटीसी म्हणतात. दुसरं कर्नलचं स्वतःचं, मशीन चालू असेपर्यंतच चालणारं. बूट होताना कर्नल आरटीसीकडून वेळ उचलतो, पुढे स्वतः मोजतो, आणि नेटवर्क मिळालं की एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी) सेवा त्याला सरळ करते. आरटीसीमध्ये फक्त तारीख आणि वेळ असते. ती कुठल्या देशाची हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पुढचे निम्मे घोटाळे यातूनच होतात.

बसण्याआधी हे जवळ ठेवा:

- कागद आणि पेन. मशीनवरच्या फाइलमध्ये नोंद करू नका, कारण त्या फाइलची वेळही चुकलेलीच असणार.
- मोबाइल, वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेला. तुलना याच्याशी करायची.
- बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड. सेल बदलायची वेळ आली की तो कोणालाच आठवत नसतो, म्हणून आधीच विचारून घ्या.
- एक नवा सीआर २०३२ सेल आणि जमलं तर मल्टिमीटर. सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो.
- मशीनवर काय काय चालतं त्याची यादी: डेटाबेस, बिलिंग, हजेरी, बॅकअप, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं.

काम शिफ्ट संपल्यावर करा. घड्याळ मागे सरकवताना डेटाबेस चालू असेल तर एकाच मिनिटाच्या दोन नोंदी होतात, क्रॉनची कामं दोनदा चालू शकतात, आणि आधीच्या बिलाची वेळ नंतरच्या बिलापेक्षा पुढची दिसते.

सावधान: जुना कर्नल काढून टाकू नका. ‘जागा मोकळी करू’ म्हणून ऑटोरिमूव्ह चालवायची ही वेळ नाही. तिसऱ्या टप्प्यात तो लागणार आहे.

## टप्पा १: फरक मोजा आणि लिहून ठेवा

पहिला आदेश फक्त बघण्याचा आहे:

टाइमडेटसीटीएल

यात सात ओळी येतात. स्थानिक वेळ, जागतिक वेळ म्हणजे यूटीसी, आरटीसीची वेळ, टाइम झोन, घड्याळ सिंक झालं आहे का, एनटीपी सेवा चालू आहे का, आणि आरटीसी स्थानिक वेळेत ठेवलं आहे का. सातही कागदावर उतरवा. शेजारी मोबाइलची वेळ सेकंदासकट लिहा.

आरटीसीची वेळ याच आदेशातून घ्या. ‘एचडब्ल्यूक्लॉक --शो’ हा आदेश आरटीसीची वेळ स्थानिक वेळेत बदलून दाखवतो, त्यामुळे चिपमध्ये मुळात काय लिहिलं आहे ते झाकलं जातं.

आता दोन गोष्टी आणखी नोंदवा:

युनेम -आर

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स

पहिल्यानं चालू कर्नलची आवृत्ती कळते. दुसऱ्यात आधीचे बूट कधी झाले ते दिसतं. दोन बुटांच्या वेळा उलटसुलट असतील, म्हणजे नंतरचा बूट आधीच्या तारखेला झालेला दिसत असेल, तर घड्याळ बुटाच्या वेळीच चुकीचं होतं. हा फार मोलाचा धागा आहे.

एक तास थांबा आणि पुन्हा मोजा. फरक तेवढाच राहिला की वाढला? इथे घाई करू नका. उरलेलं सगळं निदान या एका उत्तरावर उभं आहे.

तपासणी: कागदावर आता मोबाइल, स्थानिक वेळ, यूटीसी आणि आरटीसी या चार वेळा दोनदा लिहिलेल्या असल्या पाहिजेत. नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आकडा काय सांगतोय ते ओळखा

बरोबर साडेपाच तासांचा फरक. आपली वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, त्यामुळे हा आकडा दिसला की दोष घड्याळाच्या चालीत नाही, अर्थ लावण्यात आहे. यात दोन प्रकार. स्थानिक वेळ साडेपाच तास मागे आहे पण यूटीसीची ओळ बरोबर आहे, तर टाइम झोन चुकला आहे. त्याला एवढंच पुरतं:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

इथे ‘एशिया’चा ए आणि ‘कोलकाता’चा के मोठा लिहा.

पण स्थानिक वेळ साडेपाच तास पुढे असेल आणि यूटीसीची ओळसुद्धा तितकीच पुढे असेल, तर आरटीसीमध्ये कोणीतरी भारतीय वेळ भरून ठेवली आहे आणि लिनक्स तिला यूटीसी समजतं आहे. हे बहुतेक वेळा विंडोज शेजारी असलेल्या मशीनवर होतं. उपाय पाचव्या टप्प्यात.

हा फरक किरकोळ समजू नका. वाशीच्या मार्केटजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात संध्याकाळी साडेसहानंतरच्या प्रत्येक बिलावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडत होती. दिवसा कोणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण बिलावर वेळ छापली जात नव्हती, फक्त तारीख. ३१ मार्चच्या संध्याकाळी असं झालं असतं तर ती बिलं पुढच्या आर्थिक वर्षात गेली असती.

काही महिने किंवा वर्षांचा फरक, किंवा मशीन जितका वेळ बंद होतं जवळपास तितकाच फरक. सेल संपला आहे, उपाय चौथ्या टप्प्यात. दुसरा प्रकार भल्याभल्यांना चकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सिस्टिमडीची टाइमसिंक सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपून ठेवते. बूट होताना आरटीसीची वेळ त्याहून जुनी निघाली, तर ती सेवा घड्याळ त्या जपलेल्या वेळेपर्यंत पुढे आणते. त्यामुळे सेल मेलेला असूनही २००० सालासारखी विचित्र तारीख दिसत नाही. शनिवारी रात्री ९ वाजता बंद केलेलं मशीन सोमवारी सकाळी शनिवारच्या रात्रीचे ९ दाखवतं. बघणाऱ्याला वाटतं घड्याळ ‘मागे पडलं’. ते मागे पडलेलं नसतं, थांबलेलं असतं.

फरक तासातासाला वाढतोय. हा चालीचा दोष. कर्नल वेळ मोजण्यासाठी जो स्रोत वापरतो तो बिघडला आहे, शिवाय एनटीपीही काम करत नाही. सहावा आणि सातवा टप्पा.

फक्त मशीन झोपेतून उठल्यावर, किंवा व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा चालू केल्यावर फरक पडतो. सातव्या टप्प्यातली एनटीपीची मांडणी आधी तपासा.

टाइमडेटसीटीएल बरोबर दाखवतं पण एखादं अ‍ॅप्लिकेशनच चुकतं. कर्नलचा संबंध नाही. कंटेनरमध्ये टाइम झोन दिलेला नसेल तर तो सहसा यूटीसी धरून चालतो. डेटाबेसचा आणि जावाचा टाइम झोनही वेगळा ठेवलेला असू शकतो. तिथेच दुरुस्त करा, सिस्टिमच्या घड्याळाला हात लावू नका.

## टप्पा ३: कर्नल खरंच दोषी आहे का, ते पारखा

“दादा, अपडेट मारल्यापासून टाइम चुकतोय,” असा फोन येतो तेव्हा माणूस खोटं बोलत नसतो. पण छोट्या कार्यालयात अपडेट कधी मारलं जातं ते बघा. शनिवारी संध्याकाळी. मग मशीन बंद होतं, भिंतीवरचा मेन स्विच पाडला जातो आणि सोमवारी मशीन उठतं. एरवी महिनोन्‌महिने चालू असलेलं मशीन त्या दिवशी पहिल्यांदाच आरटीसीवर विसंबून उठलेलं असतं. दोष जुना, उघडकीला अपडेटच्या दिवशी आला.

म्हणून जुन्या कर्नलवर बूट करून बघा. मशीन चालू होताना युईएफआय असेल तर एस्केप, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबून ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडण्याचा) मेनू आणा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडा. फेडोरा साधारण तीन कर्नल ठेवतं आणि ते मेनूत सरळ दिसतात. आत गेल्यावर ‘युनेम -आर’ चालवून खरंच जुना कर्नल आहे याची खात्री करा. कित्येक जण मेनूत चुकीची ओळ निवडतात आणि नव्याच कर्नलवर ‘जुन्याची’ चाचणी करून बसतात.

पहिल्या टप्प्यातली मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा.

- जुन्या कर्नलवरही तोच फरक असेल तर कर्नल निर्दोष. चौथ्या आणि पाचव्या टप्प्याकडे जा.
- जुन्यावर फरक नाही आणि नव्यावर आहे, असं दोनदा दिसलं, तर सहाव्या टप्प्याकडे. एकदा दिसलं तर पुरत नाही.

सावधान: दोन्ही चाचण्यांत मशीन सारख्याच पद्धतीनं बंद करा. एकदा नुसतं रीस्टार्ट आणि एकदा प्लग काढून, असं केलंत तर तुलना फुकट गेली. प्लग जोडलेला असेपर्यंत पॉवर सप्लायमधून येणारी स्टँडबाय वीज आरटीसीला जगवते. सेलची गरज प्लग काढल्यावर किंवा स्विच पाडल्यावरच लागते. मेलेला सेल नुसत्या रीस्टार्टमध्ये कधीच पकडला जात नाही.

## टप्पा ४: आरटीसी आणि सेल

आधी कर्नलला आरटीसी दिसतं आहे का ते बघा:

एलएस /डेव्ह/आरटीसी*

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय आरटीसी

‘डीमेसेज’ टाकताना डी-एम-ई-एस-जी एवढंच लिहायचं. साध्या पीसीवर आरटीसी-सीमॉसची एक ओळ येते आणि ‘सेटिंग सिस्टिम क्लॉक टू’ असं म्हणून पुढे तारीख दिसते. तीच बूट होताना उचललेली वेळ. ती चुकीची असेल तर चूक आरटीसीतच आहे. /डेव्ह/आरटीसी० हे उपकरणच नसेल आणि जुन्या कर्नलवर ते होतं, तर नव्या कर्नलसोबत ड्रायव्हर आलेला नाही किंवा लोड झालेला नाही. रास्पबेरी पायवर डीएस ३२३१ सारखं घड्याळ आयटूसीवर लावलेलं असेल तर हा प्रकार हमखास बघायला मिळतो. तिथे कॉन्फिग फाइलमधली आयटूसी-आरटीसी ओव्हरलेची ओळ जागेवर आहे का ते तपासा, आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे पॅकेज काढलेलं आहे ना तेही बघा. ते शिल्लक राहिलं तर खऱ्या घड्याळाऐवजी जपलेली जुनी वेळ पुढे येते.

आता सेल. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचं मशीन उघडलं तेव्हा सेलच्या कडेला हिरवट पांढरी पूड साठलेली होती. खाडीजवळची दमट हवा, त्यात पावसाळा. मल्टिमीटर लावला तर २.१ व्होल्ट. नवा सीआर २०३२ तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. अडीचच्या खाली गेलेला सेल मी विचार न करता बदलतो.

क्रम असा:

१. बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बूटचा क्रम, डिस्कचा एएचसीआय की रेड मोड, सिक्युअर बूट, व्हर्च्युअलायझेशन. सेल काढल्यावर यातलं काही मूळपदावर जाऊ शकतं, आणि डिस्कचा मोड बदलला तर मशीन बूटच होणार नाही.

२. शेजारी विंडोज असेल आणि त्याचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हातात घ्या. ती नसेल तर सेलला हात लावू नका.

३. मशीन बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा.

४. जुना सेल पकडीतून हलकेच सोडवा. पकडीच्या पत्र्या कोरड्या मऊ कापडानं पुसा. नवा सेल अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा. लॅपटॉपमध्ये सेल बहुधा वायरला जोडलेला असतो. तो त्याच मॉडेलचा घ्या, नुसता सेल कापून डकवू नका.

५. बायोसमध्ये वेळ भरा, आणि ती यूटीसी भरा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. सकाळी साडेपाचच्या आत काम करत असाल तर तारीखही एक दिवस मागची येईल. बायोसमध्ये मोबाइलवरची वेळ भरणं ही या टप्प्यावरची सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि ती केली की माणूस सेलचा दोष काढून साडेपाच तासांचा दोष घालून ठेवतो.

तपासणी: लिनक्समध्ये येऊन टाइमडेटसीटीएल चालवा. यूटीसीची ओळ आणि आरटीसीची ओळ सेकंदा-दोन सेकंदांच्या आत जुळली पाहिजे.

## टप्पा ५: विंडोजशी मेळ

विंडोज आरटीसीला स्थानिक वेळ समजतं, लिनक्स यूटीसी समजतं. कोण काय लिहून ठेवतं ते एका उदाहरणानं बघा. सकाळी १० वाजता विंडोज आरटीसीमध्ये १० लिहितं. लिनक्स ते १० यूटीसी समजून दुपारचे साडेतीन दाखवतं. मग एनटीपी लिनक्सला सरळ करतं आणि आरटीसीमध्ये साडेचार लिहिलं जातं. पुढच्या वेळी विंडोज पहाटेचे साडेचार दाखवतं. दोघांपैकी कोणीच बिघडलेलं नाही.

माझं स्पष्ट मत: आरटीसी यूटीसीवरच ठेवा आणि विंडोजला समजवा. लिनक्समध्ये:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०

विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, टाइम-झोन-इन्फर्मेशन या जागी ‘रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड किंमत तयार करून १ ठेवा. नाव सलग लिहायचं, मध्ये जोडरेघ नाही, आणि रिअल, टाइम, इज, युनिव्हर्सल यांची पहिली अक्षरं मोठी.

उलटा मार्ग, म्हणजे लिनक्सला स्थानिक वेळेवर आणणं, शक्य आहे, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच त्यावर ताकीद छापतं. ती ताकीद मनावर घ्या.

/ईटीसी/अ‍ॅडजटाइम (ए-डी-जे-टाइम) या फाइलची तिसरी ओळही बघून घ्या. तिथे यूटीसी हवं. लोकल असेल तर कोणीतरी पूर्वी उलटा मार्ग धरला होता.

## टप्पा ६: चालच चुकत असेल तर क्लॉकसोर्स

इथे खरा कर्नलचा प्रश्न सुरू होतो. कर्नल वेळ मोजायला प्रोसेसरमधला टीएससी हा मोजणीयंत्र वापरतो, तो भरवशाचा वाटला नाही तर एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम या दुसऱ्या मोजणीयंत्रांकडे वळतो. सध्या काय चालू आहे ते असं कळतं:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स

त्याच फोल्डरमधल्या ‘अव्हेलेबल_क्लॉकसोर्स’ फाइलमध्ये उपलब्ध पर्याय असतात. वाटेतलं ‘सिस’ म्हणजे एस-वाय-एस. नव्या आणि जुन्या दोन्ही कर्नलवर या फाइली वाचा आणि कागदावर शेजारी शेजारी लिहा. मग लॉग बघा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप -आय -ई टीएससी -ई क्लॉकसोर्स

टीएससी ‘अनस्टेबल’ ठरवल्याची ओळ दिसली की बरेच जण घाबरतात. पण ती ओळ आली याचा अर्थ कर्नलनं दोष पकडला आणि दुसरा स्रोत घेतलासुद्धा. अशा मशीनचं घड्याळ सहसा ठीक चालतं. तक्रार असते ती मशीन मंद झाल्याची, कारण एचपीईटी आणि एसीपीआय-पीएममधून वेळ वाचायला टीएससीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि डेटाबेस सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतो. मशीनवर फार भार असताना ही ओळ खोटीही पडू शकते.

काळजी करावी ती उलट परिस्थितीत: चालू स्रोत टीएससी आहे, लॉगमध्ये कुठलीही तक्रार नाही, आणि तरी घड्याळ धावतं आहे किंवा रेंगाळतं आहे. नव्या कर्नलांनी काही प्रोसेसरांवर टीएससीवरची राखण बंद केली आहे, कारण त्या प्रोसेसरांत तो चांगलाच असतो असं गृहीत धरलेलं आहे. बायोसमध्ये गडबड असेल तर जुना कर्नल जे पकडत होता ते नव्यात निसटतं.

किती चुकतं ते मोजा. क्रोनी (वेळ जुळवणारी एनटीपी सेवा, रोमनमध्ये सी-एच-आर-ओ-एन-वाय) असेल तर आधी ती सेवा थांबवा, मग:

क्रोनीडी -क्यू 'सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी आयबर्स्ट'

इथला क्यू मोठ्या अक्षरातला. तो फरक फक्त दाखवतो, घड्याळ बदलत नाही. छोटा क्यू लिहिलात तर घड्याळ बदलेल आणि मोजणी वाया जाईल. तासाभरानं पुन्हा चालवा. दिवसाला सेकंद-दोन सेकंदांचा फरक कोणत्याही मशीनला पडतो, त्यात काही नाही. दिवसाला ४३ सेकंदांच्या वर जात असेल, म्हणजे तासाला पावणेदोन सेकंदांच्या पुढे, तर जुनी एनटीपीडी सेवा ते सावरू शकत नाही. तिची मर्यादा दहा लाखात ५०० भागांची आहे.

आता तात्पुरता बदल करून बघा:

एको एचपीईटी | सुडो टी /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स

इथला ‘टी’ म्हणजे टी-ई-ई. रीबूट केलं की हा बदल जातो, म्हणून धोका कमी. तासभर थांबा, पुन्हा मोजा. फरक वाढणं थांबलं तरच दोष टीएससीचा. मग आधी बायोसचं अपडेट बघा. त्यानं सुटलं नाही तरच कायमचा बदल: /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमधल्या कर्नलच्या ओळीत ‘क्लॉकसोर्स=एचपीईटी’ जोडा, उबुंटू-डेबियनवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीबूट करा.

सावधान: इंटरनेटवर सर्वत्र ‘टीएससी=रिलायबल’ लिहा असा सल्ला मिळतो. त्यानं टीएससी सुधारत नाही, त्याच्यावर नजर ठेवणारा पहारेकरी घरी पाठवला जातो. घड्याळ चुकत असताना हे कधीही करू नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू स्रोत केव्हीएम-क्लॉक असेल तर तो तसाच राहू द्या. आधी होस्टचं, म्हणजे ते ज्यावर चालतं त्या खऱ्या मशीनचं, घड्याळ तपासा. होस्ट चुकत असेल तर पाहुण्या मशीनमध्ये कितीही डोकं आपटून उपयोग नाही.

## टप्पा ७: एनटीपी नीट लावा

एका मशीनवर वेळ जुळवणारी एकच सेवा हवी. टाइमसिंक आणि एनटीपीडी दोन्ही चालू, शिवाय क्रॉनमध्ये कोणी जुनं एनटीपीडेट टाकून ठेवलेलं, असं मी एकाच मशीनवर पाहिलं आहे. तिघं घड्याळ आपापल्या बाजूला ओढतात. मी क्रोनी ठेवतो आणि बाकीचं काढतो.

स्रोत म्हणून राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी आणि एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) समय१.एनआयसी.इन, समय२.एनआयसी.इन वापरा. एप्रिल २०२२ मधल्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं या दोन संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. त्यामुळे नियमाच्या बाजूनंही हेच योग्य. किमान तीन स्रोत द्या. दोनच दिले आणि त्यांचं पटलं नाही तर खरा कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही.

क्रोनीसी सोर्सेस

ज्या ओळीसमोर तारा आहे तो निवडलेला स्रोत. ‘रीच’च्या रकान्यात ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. ० म्हणजे एकही नाही. तिथे बहुतेक वेळा राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचा १२३ पोर्ट अडवून बसलेला असतो. वेबसाइट उघडतात म्हणून ‘नेट चालू आहे’ असं समजू नका, हा रस्ता वेगळा आहे.

फरक मोठा असेल तर क्रोनी सुरू झाल्यावर पहिल्या काही वेळांनंतर उडी मारत नाही, हळूहळू सरकवते. एनटीपीडी तर १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की सहसा बंदच पडते. म्हणून डेटाबेस, बिलिंग आणि क्रॉन थांबवा, मग एकदा:

सुडो क्रोनीसी मेकस्टेप

तपासणी: ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये लीप स्टेटस ‘नॉर्मल’ आणि सिस्टिम टाइमचा फरक मिलिसेकंदांत दिसला पाहिजे. तो दिसल्यावरच, त्याआधी नाही:

सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी

‘सिसटूएचसी’तला टू म्हणजे टी-ओ. यानं बरोबर झालेली वेळ आरटीसीमध्ये जाते. सिस्टिमचं घड्याळ चुकीचं असताना हा आदेश दिला तर चूक चिपमध्ये कोरली जाते. पुढे हे काम आपोआप व्हावं म्हणून क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘आरटीसीसिंक’ ही ओळ असू द्या. ती असली की कर्नल दर ११ मिनिटांनी आरटीसी जुळवत राहतो.

आता थांबवलेल्या सेवा सुरू करा, आधी डेटाबेस, शेवटी क्रॉन. चुकीच्या काळात झालेल्या नोंदींची यादी करून ती हिशेब बघणाऱ्याकडे द्या. डेटाबेसमध्ये शिरून तारखा स्वतः बदलू नका. बिलाच्या तारखेचा निर्णय तुमचा नाही.

## टप्पा ८: प्लग काढून परीक्षा

नुसतं रीस्टार्ट करून ‘झालं’ म्हणू नका. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन शटडाउन करा, प्लग काढा आणि किमान अर्धा तास तसंच ठेवा. मग केबल न लावता चालू करा आणि टाइमडेटसीटीएल बघा. नेट नसताना दिसणारी वेळ ही आरटीसीची खरी परीक्षा आहे. एनटीपी चालू असताना मेलेला सेलही दहा सेकंदांत झाकला जातो.

वेळ बरोबर आली की केबल लावा, पाच मिनिटांनी क्रोनीसी सोर्सेसमध्ये तारा दिसतो का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलशी पुन्हा तुलना करा, आणि तो आकडा त्याच कागदावर लिहा.

दोष नव्या कर्नलचाच निघाला आणि जुन्यावर राहायचं ठरलं, तर उबुंटूवर ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-जेनेरिक’ देऊन पुढचं अपडेट रोखा, आणि ग्रबमध्ये जुना कर्नल डिफॉल्ट करा. त्याच वेळी मोबाइलवर पंधरा दिवसांनंतरचा रिमाइंडर लावा. रोखलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि होल्ड काढायला विसरलेली मशीनं मी वर्ष-वर्ष तशीच चाललेली पाहिली आहेत.

नवा सेल बसवला असेल तर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा.